सर्वांसाठी उघडलेल्या बागा : इंग्लंडच्या ग्रामीण उद्यानांची ओळख

इंग्लंडच्या ग्रामीण भागात सुट्टीला गेलेली माणसे जुनी चर्च, किल्ले आणि समुद्रकिनारे पाहतात, तेवढ्याच हौसेने बागाही पाहतात. कोट्सवल्डच्या टेकड्या, केंट आणि ससेक्सचा फळबागांचा मुलूख, विल्टशरची कुरणे, कॉर्नवॉलमध्ये समुद्राकडे उतरत जाणाऱ्या दऱ्या, कुठेही गेले तरी एखाद्या खेड्याबाहेरच्या अरुंद रस्त्यावर पर्यटनस्थळाची तपकिरी पाटी दिसते आणि त्या वळणावर शंभर, दोनशे, कधी तीनशे वर्षांची बाग लागते. यांतल्या बहुतेक बागा सरदारांनी, सावकारांनी किंवा हौशी धनिकांनी स्वतःसाठी केल्या होत्या. आज तिकीट काढून कोणालाही तिथे दिवसभर हिंडता येते. हा बदल आपोआप घडला नाही. विसाव्या शतकात वारसाकर वाढला, मोठ्या जमीनदारी मोडल्या, माळी मिळेनासे झाले आणि शेकडो वाडे-बंगले बागांसकट नाहीसे झाले. ज्या बागांनी लोकांसाठी दारे उघडली, त्यांना जगण्याचा आधार मिळाला. म्हणून या बागा कोणी घडवल्या एवढे सांगून त्यांची ओळख पुरी होत नाही. त्या लोकांच्या कशा झाल्या, हेही सांगावे लागते.

मुळात या देशाची हवाच बागेला अनुकूल आहे. अटलांटिक महासागरावरून येणारे दमट वारे हिवाळा सौम्य ठेवतात आणि उन्हाळा तापू देत नाहीत. पाऊस एका ऋतूत कोसळत नाही, बारा महिने थोडाथोडा पडतो. त्यामुळे हिरवळ फारशा पाण्यावाचून हिरवी राहते, आणि गुलाबासारखी फुले थंड रात्रींमुळे झाडावर जास्त दिवस टिकतात. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे झाडांना ऊन भरपूर मिळते. शिवाय यू नावाचा सूचिपर्णी वृक्ष इथे शतकानुशतके जगतो आणि कितीही छाटला तरी पुन्हा दाट फुटतो. इंग्रजी बागांतल्या उंच, भिंतीसारख्या सरळ कुंपणांपैकी बरीचशी या एका झाडाच्या जोरावर उभी आहेत.

आज जिला इंग्रजी बाग म्हणून जग ओळखते, ती अठराव्या शतकात घडली. त्याआधीच्या श्रीमंती बागा फ्रेंच आणि डच धर्तीच्या होत्या: सरळ वाटा, भौमितिक वाफे, आखीव कालवे. बकिंगहॅमशरमधील स्टो येथे हा साचा हळूहळू मोडत गेला. लॉर्ड कोबॅम या मालकाने चार्ल्स ब्रिजमन, विल्यम केंट अशा एकाहून एक कल्पक माणसांना कामाला लावले. बागेच्या कडेला भिंत घालण्याऐवजी खोल चर खणायचा आणि त्याची आतली बाजू दगडाने बांधून काढायची, ही युक्ती स्टोमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. गुरे बागेत येत नाहीत, पण घरातून पाहणाऱ्याला कुंपण दिसत नाही. बागेची हिरवळ आणि पलीकडचे कुरण एकच वाटते. या चराला हा-हा म्हणतात. आज अशा बागेत फिरताना दूरवर चरणाऱ्या मेंढ्या आणि पायाखालची हिरवळ यांच्यामध्ये नेमके काय आहे, हे चराच्या काठावर जाईपर्यंत कळत नाही.

स्टोची बाग पहिल्यापासून दाखवण्यासाठी होती. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांसाठी कोबॅमने १७१७ साली बागेबाहेर एक खाणावळ-सराई बांधली. १७४४ मध्ये बेंटन सीली या बकिंगहॅमच्या माणसाने स्टोच्या बागेची मार्गदर्शिका छापली. इंग्लंडमध्ये एखाद्या बागेची अशी पुस्तिका निघण्याची ही पहिलीच वेळ. बाग पाहायला प्रवास करणे, मुक्काम करणे आणि हातात पुस्तक घेऊन एकेक मंदिर, पूल, पुतळा पाहत जाणे ही रीत अशी जवळजवळ तीनशे वर्षांची आहे. त्या काळात आत जाणारे अर्थातच सुस्थितीतले लोक असत.

विल्टशरमधील स्टाउरहेड ही बाग याच काळातली. बँकेचा मालक हेन्री होर याने १७४० च्या दशकात ती सुरू केली. दरीतल्या ओढ्याला बांध घालून तळे केले आणि तळ्याभोवती फिरणारी एकच वाट आखली. त्या वाटेवर फ्लोरा देवतेचे मंदिर, पाणी झिरपणारी कृत्रिम गुहा, रोमच्या पँथिऑनच्या धर्तीवरची घुमटाची वास्तू आणि टेकडीवर अपोलोचे मंदिर अशा वास्तू एकामागून एक येतात. एका जागी उभे राहून सारी बाग दिसत नाही. वाट वळते, झाडांचा पडदा येतो, पँथिऑन दिसेनासे होते आणि थोड्या वेळाने पाण्यापलीकडे, वेगळ्याच कोनातून, पुन्हा समोर उभे राहते. क्लोद लोरँ या फ्रेंच चित्रकाराच्या इटालियन निसर्गचित्रांचा या मांडणीवर मोठा प्रभाव आहे. हे तळे आणि हे चढउतार पाहून बाग निसर्गतःच अशी होती असे वाटते. प्रत्यक्षात दरी, पाणी आणि झाडी यांची सगळी रचना माणसाने ठरवून केली आहे.

लॅन्सलॉट ब्राउन याने हीच दृष्टी देशभर नेली. १७४१ मध्ये तो स्टोचा मुख्य माळी झाला आणि १७८३ मध्ये मरेपर्यंत त्याने दीडशेहून अधिक उद्यानांची आखणी केली. मालकाच्या जागेत सुधारणेला किती वाव आहे हे सांगण्याच्या त्याच्या सवयीवरून त्याला ‘केपेबिलिटी’ ब्राउन हे नाव पडले. वाफे आणि पुतळे काढून टाकून त्याने गवताळ उतार, नागमोडी तळी आणि विखुरलेले वृक्षसमूह एवढ्यावर भागवले. ऑक्सफर्डशरमधील ब्लेनहाइम पॅलेसचे तळे ही त्याची सर्वांत प्रसिद्ध कामगिरी. या सौंदर्याची किंमत मात्र काहींना मोजावी लागली. स्टोच्या बागेत गावाचे जुने चर्च अजून उभे आहे, पण त्याभोवतीचे गाव बाग वाढताना उठवले गेले. डॉर्सेटमध्ये मिल्टन ॲबीच्या मालकाने दृश्य मोकळे व्हावे म्हणून आख्खे बाजाराचे गाव पाडले आणि दूर दरीत मिल्टन ॲबस हे नवे गाव वसवले. तिथली सारख्या आकाराची पांढरी, गवताने शाकारलेली घरे आज पर्यटक कौतुकाने पाहतात. ती कशी आली हेही माहीत असायला हवे.

एकोणिसाव्या शतकात बागांचे लक्ष देखाव्याकडून झाडांकडे वळले. साम्राज्य पसरले होते, जहाजे जगभरातून रोपे आणत होती आणि लोखंड-काचेची उबदार घरे बांधणे शक्य झाले होते. या काळाचा चेहरा डर्बीशरमधील चॅट्सवर्थ येथे दिसतो. जोसेफ पॅक्स्टन १८२६ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, तिथला मुख्य माळी झाला. त्याने १८४४ मध्ये उभारलेले एम्परर कारंजे पंपाविना चालते. वरच्या माळरानावर खास खोदलेल्या तलावाचे पाणी उतारावरून नळाने येते आणि त्या दाबानेच उसळते. रशियाचा झार भेटीला येणार म्हणून ते घाईने पुरे केले गेले. झार आला नाही, कारंजे राहिले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारणारा पॅक्स्टन तो हाच.

चॅट्सवर्थचा धागा भारतापर्यंत पोहोचतो. पॅक्स्टनने १८३५ मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला वनस्पती गोळा करायला भारतात पाठवले आणि तो खासी टेकड्यांतून ऑर्किडे घेऊन परतला. १८३५ मध्येच चॅट्सवर्थच्या काचघरात मॉरिशसमार्गे आलेली एक बुटकी केळ फुलली. मालक ड्यूकचे घराणे कॅव्हेंडिश, म्हणून पॅक्स्टनने तिला तेच नाव दिले. जळगाव-रावेरच्या मळ्यांतली बसराई आणि ग्रँड नैन ही केळी आज याच कॅव्हेंडिश गटात मोडतात. दुसरा धागा सिक्कीमचा. जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ ते १८५० या काळात तिथे हिंडला आणि त्याने ऱ्होडोडेंड्रॉनच्या अनेक जातींचे बी इंग्लंडला पाठवले. कॉर्नवॉलची आम्लधर्मी माती आणि दमट, सौम्य हवा त्यांना मानवली. तिथल्या दऱ्यांतल्या बागांत एप्रिल-मे महिन्यांत लाल, गुलाबी, पांढऱ्या फुलांनी झाकलेली प्रचंड जुनी झाडे दिसतात, ती मूळची हिमालयातली आहेत.

काचघरात वाढवलेली हंगामी फुले रांगोळीसारखी वाफ्यांत मांडायची आणि हंगाम संपला की उपटायची, या व्हिक्टोरियन पद्धतीविरुद्ध पुढे बंड झाले. विल्यम रॉबिन्सनने १८७० मध्ये ‘द वाइल्ड गार्डन’ हे पुस्तक लिहून हवेला सोसणारी, वर्षानुवर्षे टिकणारी झाडे मोकळेपणाने लावण्याचा आग्रह धरला. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या गर्ट्रूड जीकिल हिने लांब पट्ट्यातल्या बहुवर्षायू फुलझाडांची रंगसंगती शास्त्रासारखी अभ्यासली. तिच्या पट्ट्यात कडेला निळे-करडे, मग पिवळे, मध्यभागी केशरी आणि लाल, आणि पुन्हा उलट क्रमाने थंड रंग असा चढउतार असे. वास्तुशिल्पी एडविन ल्युटेन्सबरोबर तिने अनेक बागा केल्या. सॉमरसेटमधील हेस्टरकुंब ही त्यांतली आवर्जून पाहावी अशी. ल्युटेन्सने दगडी चौकट बांधायची आणि जीकिलने ती झाडांनी भरायची, अशी ती भागीदारी होती. हाच ल्युटेन्स पुढे दिल्लीत राष्ट्रपती भवन आणि त्याची बाग उभारणार होता.

विसाव्या शतकातील दोन बागांचा ठसा जगभरच्या बागांवर उमटला आहे. पहिली ग्लॉस्टरशरमधील हिडकोट. अमेरिकन कुळातल्या लॉरेन्स जॉन्स्टनच्या आईने १९०७ मध्ये ही जागा घेतली. टेकडीच्या कडेवरची, वाऱ्याने झोडपलेली जमीन. म्हणून त्याने आधी कुंपणे वाढवली आणि त्यांच्या आडोशाने बाग केली. वाड्यात एका चौकातून दुसऱ्या चौकात जावे, तसे इथे एका हिरव्या दालनातून दुसऱ्यात जाता येते: एकात लाल पानाफुलांचे दुतर्फा पट्टे, दुसऱ्यात जवळजवळ सगळी जागा व्यापणारा गोल हौद, आणि मग अचानक दोन्ही बाजूंना फक्त कुंपण असलेली लांब, रिकामी, आकाशाकडे चढत जाणारी हिरवळ. त्या रिकामेपणामुळे आधीची गर्दी डोळ्यांत भरते. काही कुंपणांत होली, बीच, यू अशी झाडे मुद्दाम मिसळून लावली आहेत, त्यामुळे एकाच भिंतीत हिरव्याच्या चार-पाच छटा दिसतात.

दुसरी केंटमधील सिसिंगहर्स्ट. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचा नवरा हॅरॉल्ड निकल्सन यांनी १९३० मध्ये एका पडक्या एलिझाबेथकालीन वाड्याचे अवशेष विकत घेतले. निकल्सनने रेषा आखल्या, व्हिटाने त्या झाडांनी ओसंडून भरल्या. पांढरी फुले आणि रुपेरी पाने यांचीच असलेली तिथली ‘व्हाइट गार्डन’ दुसऱ्या महायुद्धानंतर झाली आणि तिची अनुकरणे सर्वत्र झाली. मध्यावरच्या मांडवावर चढवलेला पांढरा गुलाब जुलैच्या सुरुवातीला फुलतो, तेव्हा मांडव दिसेनासा होतो. पण सिसिंगहर्स्टचे खरे कसब जमिनीलगत पाहावे. हेझलच्या लवचिक फांद्यांच्या कमानी जमिनीत रोवलेल्या असतात आणि गुलाबाच्या लांब फांद्या वाकवून त्यांना बांधलेल्या असतात. फांदी उभी वाढू दिली तर शेंड्याचाच डोळा जोर धरतो आणि फुले वरच येतात. ती आडवी केली की शेंड्याची सत्ता संपते आणि सबंध फांदीवरचा डोळा न् डोळा फुटतो. बहरात झाड जमिनीपासून फुलांनी लगडलेले दिसते, त्यामागे हिवाळ्यात घातलेल्या या गाठी असतात.

यानंतरच्या काळात दोन वेगळ्या वाटा दिसतात. ईस्ट ससेक्समधील ग्रेट डिक्स्टर येथे ख्रिस्तोफर लॉइडने १९९३ मध्ये ल्युटेन्सच्या वेळची जुनी गुलाबबाग उपटून तिथे कर्दळ, डेलिया आणि केळी लावल्या. जुने ते जपायचेच असा हट्ट त्याने धरला नाही. तिथली कुरणे रानफुलांचे बी पडून जाईपर्यंत, म्हणजे ऑगस्टपर्यंत, कापत नाहीत. एसेक्समध्ये बेथ चॅटो हिने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या वाहनतळाच्या खडीवर बाग केली आणि तिला कधीही पाणी द्यायचे नाही असा नियम केला. एसेक्स हा इंग्लंडमधला कमी पावसाचा भाग. १९ जुलै २०२२ रोजी देशात पहिल्यांदाच ४० अंश सेल्सिअसच्या वर पारा गेला, तेव्हापासून या बागेकडे सगळेच माळी नव्या नजरेने पाहू लागले आहेत.

या बागा लोकांच्या हाती येण्याची कथा पहिल्या महायुद्धापासून धरता येते. कॉर्नवॉलमधील हेलिगन येथे माळ्यांच्या शौचकूपाच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली त्यांची नावे आणि ऑगस्ट १९१४ ही तारीख सापडली. त्यांतले अनेक युद्धावरून परतले नाहीत. राबणारे हात गेले आणि बाग झुडपांखाली गडप झाली. १९९० मध्ये ती पुन्हा शोधून काढली गेली आणि दोन वर्षांनी लोकांसाठी खुली झाली. घोड्याच्या लिदीच्या उबेवर अननस पिकवण्याचे तिथले खड्डे आता पुन्हा चालू आहेत. स्टाउरहेडच्या तेव्हाच्या मालक होर दांपत्याचा एकुलता एक मुलगा १९१७ मध्ये युद्धात जखमी होऊन मरण पावला आणि वारस न उरल्याने त्यांनी १९४६ मध्ये बाग नॅशनल ट्रस्टला दिली.

नॅशनल ट्रस्ट ही संस्था १८९५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली यांनी स्थापन केली. शहरातल्या गरिबांच्या घरांसाठी आयुष्यभर झटलेल्या हिल यांना मोकळी हवा आणि मोकळी जागा ही सर्वांची गरज वाटे. सुरुवातीला संस्थेचा भर डोंगर, किनारे आणि जुन्या वास्तूंवर होता. केवळ बागेसाठी म्हणून तिने स्वीकारलेली पहिली मालमत्ता म्हणजे हिडकोट, साल १९४८. सिसिंगहर्स्ट १९६७ मध्ये आणि स्टो १९८९ मध्ये तिच्याकडे आली. आज ट्रस्टचे सभासद ५० लाखांहून अधिक आहेत आणि त्यांच्या वर्गणीवर माळ्यांचे पगार निघतात.

दुसरी चळवळ अधिक घरगुती. जिल्ह्याजिल्ह्यांत घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी पैसा हवा होता, तेव्हा एल्सी वॅग या बाईंनी सुचवले की खासगी बागा एका शिलिंगला लोकांना दाखवाव्यात. १९२७ या पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या आणि ८,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली. नॅशनल गार्डन स्कीम नावाने ही योजना आजही चालते. तिच्या पिवळ्या मुखपृष्ठाच्या पुस्तकात ३,००० हून अधिक बागांच्या तारखा असतात. त्यांत जहागिरी आहेत, तशा टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या परसबागेएवढ्या बागाही आहेत. काही गावांत एकाच दिवशी दहा-वीस घरांच्या बागा उघडतात, सभागृहात चहा आणि घरचे केक मिळतात आणि रोपे विकायला ठेवलेली असतात. ग्रामीण सुट्टीत असा दिवस सापडला तर मोठ्या बागेपेक्षा तो आधी निवडावा, कारण इथे बाग राखणारा माणूसच समोर उभा असतो आणि विचारलेले सगळे सांगतो.

बाग केव्हा पाहावी हे ती कशासाठी प्रसिद्ध आहे त्यावर ठरते. फेब्रुवारीत स्नोड्रॉपची पांढरी चादर, मार्चमध्ये डॅफोडिल, एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत जंगलांत ब्लूबेल आणि दऱ्यांत ऱ्होडोडेंड्रॉन, मेमध्ये विस्टेरिया, जूनमध्ये गुलाब, जुलै-ऑगस्टमध्ये बहुवर्षायू पट्टे, सप्टेंबरमध्ये डेलिया. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ग्लॉस्टरशरच्या वेस्टनबर्ट वृक्षोद्यानात जपानी मेपल लालभडक होतात. स्टाउरहेडही त्या दिवसांत शोभते. बऱ्याच छोट्या बागा हिवाळ्यात बंद असतात आणि आठवड्याचे काही वारच उघडतात, म्हणून निघण्यापूर्वी वेळा पाहून घ्याव्यात. खेड्यांतल्या बसफेऱ्या मोजक्या असतात; रविवारी तर अनेक ठिकाणी नसतातच. ऑक्सफर्डशरमधील राउशमसारख्या बागेत चहाचे दुकानही नाही, पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही; डबा सोबत न्यावा लागतो. स्टोमध्ये काम केलेल्या विल्यम केंटनेच आखलेल्या या बागेच्या मांडणीत त्याच्यानंतर फारसे काही हलवलेले नाही, त्यामुळे ही गैरसोय पत्करण्याजोगी आहे.

एका दिवसात एक बाग पुरते. पहिली फेरी नकाशाविना, वाट नेईल तशी करावी. दुसऱ्या फेरीत बसण्याच्या बाकांवर बसून पाहावे, कारण बाक सहसा आखणाऱ्याने निवडलेल्या दृश्यासमोरच असतो. मग भिंतींनी वेढलेली भाजीबाग, कंपोस्टचे ढीग आणि काचघर पाहावे. दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची भिंत दिवसभर उष्णता धरून ठेवते आणि तिला तारांनी सपाट बांधलेले नासपती, अंजीर तिच्या उबेने पिकतात. वाफ्यांत पाय टाकू नये, फुले-बी तोडू नये. बागेच्या रोपवाटिकेत रोपे विकत मिळतात, पण परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय रोपे किंवा बी भारतात आणता येत नाही.

या बागांपुढे आज नवे प्रश्न आहेत. बॉक्स या सदाहरित झुडपाच्या बुटक्या कुंपणांवर बुरशी आणि अळी पडली आहे, ॲशचे वृक्ष रोगाने वाळत आहेत, उन्हाळे कोरडे होत आहेत आणि हौसेने आणलेल्या काही परदेशी जाती, उदाहरणार्थ ऱ्होडोडेंड्रॉन पाँटिकम, रानात पसरून स्थानिक झाडांना मारत आहेत. कुठे बॉक्सऐवजी दुसरी झाडे लावली जात आहेत, कुठे हिरवळीचे कुरण होत आहे, पीटचा वापर थांबवला जात आहे. हे सगळे प्रयोग माळी लोकांच्या देखत करतात आणि विचारणाऱ्याला समजावून सांगतात. पूर्वी अशी उठाठेव एका मालकाच्या मर्जीवर आणि तिजोरीवर चाले. आता ती तिकिटे, वर्गणी आणि आठवड्यातून एखादा दिवस येऊन तण काढणाऱ्या हजारो स्वयंसेवकांवर चालते. सुट्टीत दारात येऊन तिकीट काढणारा पाहुणा त्या राखणीत सहभागी होतो, आणि बाग पुढच्या पिढीला दिसण्याची तजवीज तेवढ्याने होते.